राक्षस, फासे आणि हुज्जत

नागपूरच्या माणसाला राक्षसांचं अप्रूप सांगू नये. या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक काळी आणि एक पिवळी अशा दोन अवाढव्य मारबती भर रस्त्यातून मिरवत नेतात आणि वर्षभराची रोगराई, इडापिडा त्यांच्या गळ्यात बांधून त्यांना जाळून टाकतात. सोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचा त्याचा बडग्या करून नाचवतात. हे एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. अशा गावाला राक्षसाचं काय करावं हे अमेरिकेनं शिकवायची वास्तविक काही गरज नव्हती.

तरी अमेरिकेनं शिकवलंच. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या जोडीचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ बाजारात आला. पहिल्या खेपेला प्रती छापल्या एक हजार. आज त्याच्या पोटी जन्मलेले कॉम्प्युटरवरचे खेळ लाखांनी खपतात. आमचा भाचा रात्री साडेअकराला भिंतीकडे तोंड करून 'मर ना बे!' असं ओरडतो, ते त्यातल्याच कोणाला तरी उद्देशून. "मामा, हे नुसते खेळ नाहीत, हे साहित्य आहे," असं त्याचं म्हणणं. साहित्य म्हटलं की समीक्षा आली. आणि समीक्षेला मराठी माणूस कधी नाही म्हणत नाही.

आधी मूळ खेळ काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं दुखणं कळायचं नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकानं एकेक सोंग घेतलेलं असतं. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी पुजारी. सोंगाची ताकद, अक्कल, चपळाई हे सगळं कागदावर आकड्यांत मांडलेलं. आणि टेबलाच्या एका टोकाला एक गृहस्थ पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसलेला असतो. त्याला म्हणायचं 'डन्जन मास्टर'. डन्जन म्हणजे तळघर, तेव्हा आपण त्याला तळघराचा मास्तर म्हणू. गोष्ट तोच सांगतो, राक्षसही तोच होतो आणि नियमही तोच लावतो. म्हणजे कीर्तनकार, खलनायक आणि न्यायाधीश, तिन्ही खाती एकाच माणसाकडे.

आता या खेळाची गंमत कशात आहे? लोक म्हणतात फाशांत. या खेळाचा मुख्य फासा वीस बाजूंचा असतो, दिसायलाही मोठा ऐटबाज. कोणी म्हणतात राक्षसांत, कोणी म्हणतात जादूत. माझं मत अगदी साधं आहे. या खेळाची सगळी गंमत हुज्जतीत आहे. समजा मास्तर म्हणाला, "वाड्याचं दार बंद आहे."

"मी खिडकीतून जातो."

"खिडकी नाही."

"काहून नाही? एवढा मोठा वाडा, अन् खिडकी नाही? मग चुलीचा धूर कुठून जाते?"

मास्तर विचारात पडतो. घर बांधताना धुराचा विचार त्यानं केलेला नसतो. "बरं, धुराडं आहे. पण अरुंद आहे."

"मी बुटका आहे ना बा!"

"टाक फासा."

या 'टाक फासा'मध्ये अख्खा खेळ आहे. मास्तरनं आपला वाडा क्षणात बदलला, कारण समोरच्याचं म्हणणं त्याला पटलं. यश मिळेल की नाही ते फासा सांगेल, पण निदान सुनावणी तरी झाली! नुसत्या फाशांचे खेळ आपल्याकडे काय कमी होते? सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, तो तर परंपरेनं थेट ज्ञानदेवांशी जोडतात. पण मोक्षपटात साप चावला की चावला. 'मी गारुड्याचा मुलगा आहे, मला साप ओळखतो' असं म्हणायची तिथे सोय नाही. म्हणूनच सापशिडी एका दुपारी कॉम्प्युटरवर चढवता येते. तळघराच्या मास्तरला चढवायला पन्नास वर्षं पुरलेली नाहीत.

बरं, मास्तर लोक कुठून काय उचलतील याचा नेम नसतो. आपल्या राक्षसाचंच उदाहरण घ्या. १९७४ साली अमेरिकेत टेलिव्हिजनवर भुताखेतांची एक मालिका लागत असे. तिच्या एका भागात राक्षस आला आणि तो मंत्रवलेल्या बाणानं मेला. ते पाहून तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये दाखल झाला, बाणासकट! १९७७ साली छापलेल्या त्यांच्या राक्षससंग्रहात त्याचं चित्र आहे. तोंड वाघाचं, अंगात घरी घालायचा उंची झगा आणि हातात पाइप. ताडोब्याचा एखादा वाघ निवृत्त होऊन धरमपेठेत बंगला बांधून राहिला तर असाच दिसेल. आता टेबलावर एखादा नागपूरकर असता तर तो म्हणाला असता, "साहेब, रावण वेद शिकलेला होता, त्याला वाघाचं तोंड कुठून आलं?" आणि मास्तर थोडासा जरी रसिक असता तर पुढच्या बैठकीला राक्षस निदान दोन ऋचा म्हणत आला असता. पण २००० साली 'बॉल्डर्स गेट'च्या दुसऱ्या भागात एक जिन आपल्याला राक्षसाचं डोकं आणायला पाठवतो, तेव्हा कोणाला काही विचारता येत नाही. डोकं आणा, नाहीतर काम अर्धवट.

इथेच रूपांतराचा प्रश्न सुरू होतो. नाटकाचा सिनेमा करताना पडदा जातो, कादंबरीचं नाटक करताना वर्णनं जातात. या खेळाचा कॉम्प्युटर करताना काय गेलं? ऐकणारा माणूस गेला. बाकी सगळं आलं, आणि पुष्कळ जास्तच आलं.

यात कॉम्प्युटरवाल्यांचा आळस नाही हं. टेबलावरचा खेळ निघाला १९७४ साली आणि १९७५ सालीच इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या यंत्रणेवर विद्यार्थ्यांचे खेळ सुरू झाले होते. त्यातल्या एकाचं नाव 'पेडिट-फाइव्ह'. राक्षसांच्या खेळाला असं नाव का? तर व्यवस्थापकांना वाटावं की ही अभ्यासाचीच कुठली तरी फाइल आहे! ते खेळ सापडला की पुसून टाकत. सरकारी कचेरीत ज्यांनी फाइलखाली कादंबरी धरून वाचली आहे त्यांना या परंपरेबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही.

पुढे १९८८ साली रीतसर परवाना घेऊन 'पूल ऑफ रेडियन्स' आला. त्या काळच्या फ्लॉपीत जागा ती किती! मग त्यांनी काय केलं, गोष्टीचे परिच्छेद पुस्तकात छापले आणि क्रमांक दिले. पडद्यावर यायचं, आता अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. शहाणा मुलगा सगळं पुस्तक आधीच वाचून काढील हे ओळखून मधूनमधून साफ खोटे परिच्छेदही घातले होते! मला हा खेळ न पाहताच आवडतो. वाचकानं पुढचं पान चोरून पाहू नये म्हणून लेखकानं खोटं पान छापायचं, याला मी खरी मास्तरकी म्हणतो. टेबलावरच्या मास्तरच्या डोळ्यांतला मिस्कीलपणा तेवढा तरी त्यात उतरला होता.

मग १९९८ साली आला 'बॉल्डर्स गेट'. नाव ऐकून मला वाटलं, महालातल्या गांधी गेटासारखी ही काहीतरी वेस असणार. तर ते अख्ख्या शहराचं नाव निघालं, आणि त्या शहरात पाय ठेवायला पाचवं प्रकरण उजाडावं लागतं. तो काढला कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीनं. ही कंपनी स्थापन करणारे तिघे डॉक्टर होते. आपल्याकडे डॉक्टर झालेला मुलगा राक्षसांचे खेळ काढतो म्हणाला असता तर रामदासपेठेत केवढा हाहाकार झाला असता, कल्पना करा. दवाखान्यासाठी घेतलेल्या गाळ्याचं काय करायचं इथूनच सुरुवात झाली असती.

या डॉक्टरांनी टेबलावरचे नियम मोठ्या निष्ठेनं उतरवले. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, हे त्यातलंच. पुष्कळांना हे उलटं वाटतं, पण बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर पोसलेल्या आपल्या लोकांना चाळिसाव्यापेक्षा पहिला चांगला हे समजवावं लागत नाही. जादूगाराचा नियम तर आणखी ओळखीचा. त्यानं मंत्र पाठ करायचा, एकदा वापरला की विसरायचा आणि आठ तास झोपून पुन्हा पाठ करायचा. हा नियम ज्यानं केला त्यानं आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा जवळून पाहिल्या असाव्यात.

पण नियमांच्या याच निष्ठेनं घोटाळा केला. भाचा लढाई झाली की सगळ्यांना झोपवतो. आठ तास. उठतो, एक खोली पुढे जातो, लढतो, पुन्हा आठ तास. मी म्हटलं, "अरे, तिकडे देशाचं वाटोळं होऊन राहिलं अन् तुम्ही झोपता काय?" तो म्हणाला, "मामा, चालते. कोणी काही म्हणत नाही." फार तर मधेच चारदोन चोर हल्ला करतात. त्यांना मारायचं आणि कूस बदलायची. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा इतकं कोणी झोपत नाही. टेबलावरचा मास्तर पहिल्याच झोपेला म्हणाला असता, "झोपा. उठाल तेव्हा गाव जळलेलं असेल." नियम तोच होता, पण नियमामागे बसून भुवया चढवणारा माणूस नव्हता.

तरीही 'बॉल्डर्स गेट' मोठा ठरला आणि त्याचं कारण माझ्या सिद्धांताला धरूनच आहे. त्यातली सोबतची माणसं आपसात भांडतात. पापभीरू आणि बदमाश एकत्र घेतले तर कुरबुरी होतात, टोमणे होतात, शेवटी तलवारी निघतात. तुमची कीर्ती फार चांगली झाली म्हणून बदमाश सोडून जातो! शिवाय सगळे एकत्र जमल्याशिवाय गावाबाहेर पडता येत नाही, हे हजारदा बजावलं जातं. लग्नाला निघालेल्या कुठल्याही कुटुंबाला हे दृश्य पाठ आहे. यंत्राला तुमच्याशी हुज्जत घालता येईना, तेव्हा त्या शहाण्या डॉक्टरांनी ती सोबत्यांच्या तोंडी घातली. म्हातारा होऊ घातलेला खेळ, पण त्यातली माणसं अजून कानात बोलतात.

त्यानंतर वर्षभरानं, १९९९ साली, 'प्लेनस्केप: टॉरमेंट' आला. त्याचा नायक शवागारात जागा होतो. त्याला मरण नाही आणि आठवणही नाही. लढाया आहेत, पण बहुतेक टाळता येतात. शेवटसुद्धा बोलून मिटवता येतो. लाखो शब्द वाचावे लागतात. भाच्याच्या मित्रांपैकी निम्म्यांनी तो याच कारणासाठी सोडला, आणि मी याच कारणासाठी तीन रात्री भाच्याच्या खांद्यावरून वाचत बसलो. 'चांदोबा'तला विक्रम आणि वेताळ ज्यांनी लहानपणी वाचला आहे त्यांना प्रेतांशी चर्चा करण्याची सवय असतेच. उत्तरं अर्थात छापलेली; त्यातलंच एक निवडायचं. पण ती लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला अक्कल आहे असं धरलेलं होतं. मराठीत सगळेच लेखक असं धरतात असं नाही.

आता कसोटीचे दोन खेळ. २००३ साली 'टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' आला. जाणकार सांगतात, त्या काळच्या नियमपुस्तकाशी इतका इमानी खेळ दुसरा नव्हता. लढाई पाहावी तर टेबलावरचीच. आणि गोष्ट? गोष्ट म्हणजे नियमांच्या मधल्या जागेत टाकलेली गवताची पेंढी. वर खेळ बाजारात आला तो चुकांसकट. व्याकरण शुद्ध म्हणून कविता चांगली ठरत नाही, हे ज्यांना शिक्षकांनी सांगितलं नसेल त्यांनी हा खेळ खेळावा.

त्याआधी वर्षभर, २००२ साली, त्या डॉक्टरांच्याच कंपनीनं 'नेव्हरविंटर नाइट्स' काढला होता. त्यातली स्वतःची कथा बेताचीच. पण सोबत एक पेटी दिली होती, कोणीही आपली तळघरं त्यात बांधावीत. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मास्तरची खुर्ची परत आणली होती! तुम्ही चार जण खेळताय आणि पाचवा कुठूनतरी अदृश्यपणे राक्षस हलवतोय, पात्रांच्या तोंडून बोलतोय. समीक्षकांनी कथेला नावं ठेवली असतील, पण मी त्या खेळाला वरचा नंबर देतो. रूपांतर करताना काय हरवलं हे ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते.

आणि आता २०२३ सालचा 'बॉल्डर्स गेट'चा तिसरा भाग. बेल्जियमच्या गेंट शहरातल्या लॅरियन कंपनीचा. तीनेक वर्षं तो अर्धामुर्धा लोकांच्या हाती देऊन त्यांच्या तक्रारी ऐकत ३ ऑगस्टला पुरा केला. वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून बक्षीस घ्यायला कंपनीचे प्रमुख स्वेन विंके चक्क चिलखत घालून व्यासपीठावर गेले. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांनी हे मनावर घ्यावं. पुढे उपयोगी पडेल.

या खेळानं ऐकण्याची केवढी तयारी केली आहे! एक उदाहरण देतो. एका मंत्रानं प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. विक्रमाला वेताळ प्रश्न विचारत असे, इथे उलटा न्याय. पण ते प्रेत जर तुम्हीच पाडलेलं असेल तर ते तुमच्याशी बोलत नाही. रास्त आहे. भाचा म्हणाला, "मग वेश बदलून विचारलं तर?" आणि त्यानं वेश बदलला, अन् प्रेत बोललं! मी खुर्चीतून उठलोच. कोणीतरी बेल्जियमात बसून, नागपूरचा एक पोरगा अशी हुज्जत घालील, हे आधीच कल्पून ठेवलं होतं. भिंतीवर चढायला शिडी नसेल तर खोक्यांवर खोकी रचा, चालतं. बैलाशी बोला, बैल बोलतो. मधूनमधून एक बाई मास्तरच्या आवाजात काय घडतंय ते सांगते. फासा पडद्यावर घरंगळतो तेव्हा छातीत खरोखरच धडधडतं.

पण हे ऐकणं नव्हे, ऐकल्याची तयारी आहे. पोराची नऊशे नव्याण्णव सोंगं त्यांनी कल्पिली, हजारावं कल्पिलं नसेल तर भिंत ती भिंतच. टेबलावर हजारावंच ऐकण्यासाठी मास्तर बसलेला असतो. आणि फाशांचं म्हणाल तर एक मौज आहे. पुस्तकाच्या नियमात साधं कौशल्य अजमावताना एकचा आकडा पडला म्हणून माणूस आपोआप हरत नाही, इथे हरतोच. दुसरी मौज अशी की त्यात 'कर्माचे फासे' नावाची एक सोय आहे आणि ती आधीपासूनच चालू असते. सतत वाईट किंवा सतत चांगलं दान पडू नये म्हणून यंत्र फासे हळूच सावरून घेतं. सावरलेल्या फाशांना आपल्याकडे शकुनीचे फासे म्हणत. त्यांना कर्माचे म्हणायचं आम्हाला सुचलं नाही. आणि एवढं करूनही दान वाईट पडलं तर एफ-आठचं बटण आहेच. दाबलं की मागचा जतन केलेला क्षण परत. धर्मराजाला हे बटण मिळालं असतं तर महाभारत सभापर्वातच संपलं असतं, आणि व्यासांची पुष्कळ शाई वाचली असती.

पण त्याच सभेत एक गोष्ट अशी घडली की जी कुठल्याच बटणात बसत नाही. द्रौपदीनं विचारलं, आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का? नीट पाहा, हा खेळाच्या नियमाचाच प्रश्न आहे. फासे पडलेले, आकडे लागलेले, शकुनीच्या हिशेबानं डाव संपलेला. आणि एक बाई उभी राहून म्हणते, थांबा, हा नियम लागू होतो का? भीष्मासारखा मास्तर, पण त्याला उत्तर देता आलं नाही. कौरव भावांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूनं बोलला. सभेला लाज वाटली पाहिजे होती असं आपण आजही म्हणतो, कारण सभेत माणसं होती, आणि माणसाकडूनच ऐकून घेण्याची अपेक्षा करता येते. कॉम्प्युटरच्या सभेत तो प्रश्न पडद्यावरच्या चार पर्यायांत नसता, तर उठलाच नसता. कोणाला लाजही वाटली नसती.

म्हणून मी हे खेळ कमी लेखत नाही, पण पोरं दिवसभर ज्या यंत्रांपुढे उभी असतात त्यांचा विचार मनात येतो. अर्ज भरताना चौकोनात बसेल तेवढंच नाव. तक्रार करायला फोन लावावा तर एकासाठी एक दाबा, दोनसाठी दोन. 'काहून?' विचारायला समोर कोणी नाही. जगात पर्याय वाढले आणि सुनावणी कमी झाली. निदान खेळात तरी ती राहावी असं वाटतं, कारण हुज्जत घालायची सवय माणसाला खेळातच लागते.

आणि ती पोरांनी आपल्या मार्गानं परत मिळवलेली मी पाहतो आहे. हा तिसरा भाग चौघांना मिळून खेळता येतो. भाच्याच्या वर्गातले तिघे नोकरीसाठी गाव सोडून गेले. दोघे पुण्यात, एक बंगळुरात. शनिवारी रात्री चौघे आपापल्या पडद्यापुढे बसून एकाच तळघरात उतरतात. राक्षस समोर उभा असतो आणि पाऊण तास त्याला कोणी मारत नाही, कारण मारावा की बोलावं यावर कडाक्याचं भांडण चाललेलं असतं. "तू दार उघडलं काहून बे?" "मी नाही उघडलं, यानं उघडलं!" "तुले सांगितलं होतं ना झोपून घेऊ म्हणून!" मधेच तर्री पोहे पुण्यात का मिळत नाहीत यावर ठराव होतो. यंत्र बिचारं फासा हातात धरून ताटकळत असतं.

तेव्हा समीक्षेचा निकाल असा. नियमांना 'टेंपल', वाचनाला 'टॉरमेंट', खुर्ची परत आणल्याबद्दल 'नेव्हरविंटर', आणि सर्वांत मोठं बक्षीस तिसऱ्या 'बॉल्डर्स गेट'ला. त्यातल्या चित्रांसाठी नाही, आवाजांसाठी नाही, तर चार पोरांना भांडायला एक जागा दिल्याबद्दल. फक्त पुढच्या आवृत्तीत त्या वाघतोंड्या राक्षसाचं तेवढं बघावं. तोवर भाच्याला मी सांगून ठेवलं आहे की त्याला मारू नकोस. आधी विचार, बाबा रे, तू नक्की कुठला?